कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मताची किंमत वसूल करणारा नेता

मुकुंदवाडी, रामनगर, संजयनगर या भागातल्या अनेक कुटुंबांना ‘दादासाहेब गायकवाड’ हे नाव ठाऊक आहे ते एका सरकारी योजनेमुळे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना’ २००४ पासून सुरू आहे. गावाकडे राहिलेल्या भावासाठी किंवा विधवा बहिणीसाठी या योजनेची चौकशी करणारे लोक आम्हाला वस्तीत कायम भेटतात. पण ही योजना ज्यांच्या नावाने आहे, त्या माणसाने आयुष्यभर काय केले, असे विचारले तर तरुण मुले गप्प होतात. त्यात त्या मुलांचा काय दोष? आपणच त्यांना सांगितलेले नाही. म्हणून दादासाहेबांचे चरित्र आज पुन्हा मांडत आहोत. निवडणूक आली की आपल्या वस्त्यांमध्ये सर्व पक्षांच्या गाड्या फिरू लागतात, आणि निकालानंतर पाच वर्षे कोणी फिरकत नाही. आपल्या मताला वजन आहे, पण त्या वजनाची किंमत वसूल होत नाही. ती कशी वसूल करायची आणि ती कशी हातची जाते, या दोन्ही गोष्टी दादासाहेबांच्या आयुष्यात शिकायला मिळतात.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर महाराचे, म्हणजे गावकीची कामे आणि त्या बदल्यात वतनाचा तुकडा. जमीन नावाला आपली, पण तिच्यापायी पिढ्यान् पिढ्या गावाची चाकरी, हा वतनाचा फास त्यांनी लहानपणापासून पाहिला. जमिनीचा प्रश्न हा त्यांना पुस्तकात भेटलेला प्रश्न नव्हता. पुढे नाशिकला आल्यावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते बाबासाहेबांच्या संपर्कात आले आणि अखेरपर्यंत त्यांच्याच मार्गावर राहिले.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते दादासाहेब. हजारो माणसे जमवणे, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय लावणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची काळजी घेणे, आणि गावोगाव बहिष्काराने पिचलेल्या लोकांना धीर देणे, हे सगळे त्यांच्या अंगावर होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असत तेव्हा नाशिकची आघाडी दादासाहेबच सांभाळत. या काळात आणि पुढेही बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. एवढा पत्रव्यवहार बाबासाहेबांनी फार थोड्या सहकाऱ्यांशी केला.

त्यातले मार्च १९३४ चे एक पत्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मंदिर सत्याग्रह आता थांबवावा, समाजाने आपली शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी, असा सल्ला बाबासाहेबांनी त्यात दादासाहेबांना दिला. चार वर्षे ज्या लढ्यासाठी लाठ्या खाल्ल्या, बहिष्कार सोसला, तो थांबवायला सांगणे कोणत्याही कार्यकर्त्याला जड जाईल. दादासाहेबांनी तो विचार पचवला आणि दिशा बदलली. देवळाचे दार उघडून मिळणारी जागा ही दुसऱ्याच्या मर्जीवर असते. कायदेमंडळात आपल्या मताने मिळवलेली जागा मात्र आपली असते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, दादासाहेबांच्याच नाशिक जिल्ह्यात येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. राजकारण आणि धम्म हे दोन रस्ते त्या दीड वर्षात एकाच भूमीतून निघाले.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. त्यात दादासाहेब होते. तेव्हा सर्वांना मताचा अधिकार नव्हता. मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटी होत्या. आपल्या समाजात अशी माणसे किती असणार? तरीही एवढे यश आले. याचे कारण पक्षाचे नाव आणि कार्यक्रम पाहिला की कळते. खोती नष्ट करणे, महार वतनातून सुटका, शेतमजूर आणि गिरणी कामगारांचे हक्क हे प्रश्न घेऊन पक्ष उभा होता. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात अस्पृश्यांबरोबर कुणबी शेतकरीही होते. एका जातीच्या मतांवर नव्हे, तर एका प्रश्नावर माणसे जोडली जात होती.

पुढचा काळ कठीण गेला. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि दादासाहेब मुंबई प्रांतात त्याचे प्रमुख आधारस्तंभ राहिले. पण १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. पुणे करारानंतर राखीव जागेवर कोण निवडून येणार हे संयुक्त मतदारसंघातले बहुसंख्य मतदार ठरवू लागले होते. आपल्या समाजाची पसंती एक आणि निवडून येणारा दुसराच, असे होऊ लागले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले. स्वतः बाबासाहेब, घटनेचे शिल्पकार, उत्तर मुंबईत पराभूत झाले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच घडले. संख्येने अल्प असलेल्या समाजाने एकट्याने लढायचे तर किती लढायचे, आणि सोबत घ्यायचे तर कोणाला व कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्या पराभवांनी पुढे ठेवला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली आणि अवघ्या पावणेदोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. अनेकांना वाटले, आता ही चळवळ विखुरणार. त्यानंतर तीनच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक होती. दादासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेडरेशनला संयुक्त महाराष्ट्र समितीत ठामपणे उभे केले. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन अशी ती आघाडी होती. १९५७ च्या लोकसभेत फेडरेशनचे सहा खासदार पोहोचले. त्यात मुंबईतून जी. के. माने होते, कोपरगावातून बी. सी. कांबळे होते, आपल्या मराठवाड्यातल्या नांदेडमधून हरिहरराव सोनुले होते, आणि नाशिकमधून स्वतः दादासाहेब होते. नाशिकची जागा राखीव नव्हती. ज्या शहरात रामाच्या मंदिराचे दार त्यांच्यासाठी बंद झाले होते, त्याच शहराने सत्तावीस वर्षांनी त्यांना सर्वांचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले आणि त्यांच्या निधनानंतर अध्यक्षपदाची जबाबदारी दादासाहेबांवर आली. मतदार म्हणूनही समाजाचे रूप बदलले होते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये ही संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत एवढा मोठा समाज स्वतःच्या निर्णयाने स्वतःची नवी ओळख घेऊन उभा राहिल्याची उदाहरणे जगात मोजकीच असतील. पण या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा तेव्हा हिंदू आणि शीख यांच्यापुरताच होता. बौद्ध झाल्याची नोंद केली की केंद्राच्या सवलती गेल्या आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्कही गेला. मते वाढली, पण त्या मतांनी निवडून यायचा सरळ रस्ता बंद झाला.

अशा वेळी दादासाहेबांनी जे केले, ते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम आहे. त्यांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला. खेड्यातल्या भूमिहीन माणसांसाठी आपण काही करू शकलो नाही, ही खंत बाबासाहेबांनी अखेरच्या काळात बोलून दाखवली होती. मराठवाड्यात १९५३ मध्येच पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला होता आणि त्यात आपल्या माणसांनी तुरुंगवास भोगला होता. १९५९ मध्ये दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्यात बौद्धांबरोबर आदिवासी आणि इतर जातींचे भूमिहीनही आले, कारण पोटाला जात नसते.

या मार्गाला पक्षातूनच विरोध झाला. बी. सी. कांबळे आणि शिकलेल्या मंडळींच्या एका गटाला वाटे की पक्षाचे नेतृत्व इंग्रजी जाणणाऱ्या, कायदा कळणाऱ्या पदवीधरांनी करावे, आणि जमिनीचे सत्याग्रह म्हणजे कम्युनिस्टांच्या मागे जाणे आहे. धोतर नेसणारे, फारसे न शिकलेले दादासाहेब त्यांना मागासलेल्या काळातले वाटत. या वादातून पक्षात दुरुस्त आणि नादुरुस्त असे दोन गट पडले. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हा वाद केवळ नेत्यांचा वाटत नाही. शिक्षणाने शहरात नोकरीला लागलेला वर्ग आणि गावात मजुरी करणारा वर्ग यांच्यातले अंतर त्यात पहिल्यांदा उघडे पडले. ते अंतर आजही आहे. सिडकोतल्या बंगल्यात राहणारा आपला अधिकारी आणि मुकुंदवाडीच्या गल्लीत राहून चिकलठाण्याच्या कंपनीत कंत्राटावर जाणारा आपला कामगार, दोघे एकाच विहारात वंदना घेतात; पण निवडणुकीत दोघांचा प्रश्न एक आहे असे कोणी मांडत नाही. दादासाहेबांची निवड स्पष्ट होती. पक्ष गावातल्या शेवटच्या माणसाचा असला पाहिजे.

१९६४ मध्ये दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवण्यात आली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याच्या दरावर नियंत्रण, झोपडपट्ट्यांची सुधारणा, बौद्धांना सवलती, अत्याचारांना आळा अशा त्या मागण्या होत्या. उत्तर मिळाले नाही म्हणून ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेल्याचे चळवळीत सांगितले जाते. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाब, कर्नाटकातही जेल भरले. शांताबाई दाणी यांच्यासारख्या स्त्री नेत्या पुढे होत्या आणि लेकराबाळांसह तुरुंगात गेलेल्या आपल्या आज्या-पणज्या त्यांच्या मागे होत्या. सरकारला बोलणी करावी लागली.

मागण्यांपैकी काही तेव्हा मान्य झाल्या, काही कागदावर राहिल्या. पण त्या मेल्या नाहीत. १९९० मध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले आणि त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा बदल केंद्राने केला. महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णयही त्यानंतर झाला. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे आजही त्या तारखेचा पुरावा जपून ठेवतात. पंचवीस वर्षांपूर्वी पेरलेले उगवले, ते दादासाहेबांच्या पश्चात.

आता त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग. तो टाळून चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्या प्रश्नावर समिती उभी होती तो प्रश्न संपला. समितीबरोबर आलेली मतेही संपली. १९६२ मध्ये दादासाहेब लोकसभेला पराभूत झाले आणि रिपब्लिकन पक्षाचे विधानसभेत तीनच आमदार निवडून आले. लोकसभेत महाराष्ट्रातून एकही नाही. जे तीन गेले ते उत्तर प्रदेशातून. दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसबरोबर युतीचा मार्ग घेतला. सत्तेच्या बाहेर राहून भूमिहीनांना जमीन मिळत नाही, सत्तेजवळ गेल्यास काही पदरात पडेल, असा त्यामागचा हिशेब होता. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण युतीत जागा देणारा मोठा आणि घेणारा लहान झाला. मते आपली आणि उमेदवार कोण हे ठरवणार दुसरे, अशी पुणे करारानंतरची जुनीच व्यथा नव्या रूपात परत आली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आणि दादासाहेब यांचे मार्ग वेगळे झाले. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत दादासाहेबांचे निधन झाले तेव्हा पक्ष दुभंगलेला होता. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा उदय झाला, तो बऱ्याच अंशी या दुभंगलेपणावरचा तरुणांचा संताप होता.

या युतीबद्दल दादासाहेबांना दोषी ठरवणारे आजही आहेत. आमचे मत थोडे वेगळे आहे. युती १९५७ मध्येही केली होती आणि १९६७ मध्येही. पहिल्या वेळी समाज एका झेंड्याखाली होता आणि समोरच्याला आपली गरज आहे हे दोघांनाही माहीत होते. दुसऱ्या वेळी घरात फूट होती, आणि फुटलेल्या घराशी कोणी बरोबरीने व्यवहार करत नाही. १९९८ मध्ये गट एकत्र आले आणि काँग्रेसशी युती झाली, तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. पुन्हा फाटाफूट झाली आणि ते दिवस गेले. एकदा नव्हे, दोनदा तोच धडा मिळाला आहे.

हा धडा आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची, ज्यांना तिथे लॅटिनो म्हणतात, स्थितीही अशीच होती. शेतात आणि कारखान्यात राबायचे ते, पण टेक्सासमध्ये पिढ्यान् पिढ्या राहूनही मतदार यादीत नावे नसत, आणि मतदारसंघ असे आखले जात की त्यांचा माणूस निवडून येऊ नये. १९७४ मध्ये सॅन अँटोनिओ शहरात विली वेलास्केझ या तरुण कार्यकर्त्याने मतदार नोंदणीची संस्था काढली. शाळा, रस्ते, गटारे या स्थानिक प्रश्नांवर वस्ती वस्तीत नावे नोंदवायची आणि अन्यायकारक मतदारसंघांविरुद्ध न्यायालयात जायचे, हे काम त्याने १९८८ मध्ये ४४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत केले. आज तिथे लॅटिनो मतदारांची संख्या साडेतीन कोटींच्या पुढे आहे आणि २०२४ च्या निवडणुकीने दाखवले की कोणताही पक्ष ती मते खिशात धरू शकत नाही. संख्या वाढली म्हणून आपोआप वजन आले नाही. आधी नावे नोंदवली गेली, प्रश्न ठरले, आणि मग पक्षांना दारात यावे लागले.

आपली संख्या पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत, राज्याच्या सुमारे ५.८ टक्के, देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन इथे राहतात. एवढ्या संख्येवर एकट्याने राज्य येत नाही, पण निकाल फिरतो. आपल्याच शहरात २०१९ ची लोकसभा ४,४९२ मतांनी ठरली आणि २०२४ मध्ये पूर्व विधानसभेची जागा २,१६१ मतांनी. कोणी जिंकावे हा आमचा मुद्दा नाही. पण ज्या शहरात निकाल एवढ्याशा मतांवर ठरतो, तिथे आमच्या वस्तीला पाणी किती दिवसांनी येते, गुंठेवारीतल्या घराची नोंद का होत नाही, कंत्राटी कामगाराला किमान वेतन का मिळत नाही, हे प्रश्न कोणत्याच उमेदवाराच्या तोंडी नसावेत, याचे उत्तर आपणच दिले पाहिजे.

दादासाहेबांच्या पद्धतीने ते देता येईल. आधी आपला प्रश्न ठरवायचा, भाषणातला नव्हे तर पोटाचा. त्या प्रश्नावर बाकीच्या जाती-धर्मांचे जे गरीब सोबत येतील त्यांना घ्यायचे. गट कोणताही असो, त्या प्रश्नावर एका बाजूला उभे राहायचे. आणि युती करायची तर आपल्या मागण्या लिहून घेऊन, निवडणुकीच्या आधी, चारचौघांसमोर करायची. आमच्या वस्त्यांमध्ये दर निवडणुकीला मतदार यादीतून शेकडो नावे गळतात. भाड्याचे घर बदलले, लग्न होऊन मुलगी आली, गावाकडचे नाव काढले नाही, अशी त्याची कारणे असतात. प्रत्येक विहारातल्या उपासक-उपासिकांनी वर्षावासातला एक रविवार आपल्या गल्लीतली यादी वाचायला आणि नवी नावे नोंदवायला दिला, तरी कर्मवीरांना ते खरे अभिवादन ठरेल. ज्यांनी देवळाच्या दारातून समाजाला मतपेटीकडे नेले आणि मतपेटीतून शेताच्या बांधावर, त्यांच्या नावाची योजना वापरायची असेल तर त्यांचा मार्गही वापरावा लागेल.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम, नमो बुद्धाय.